मिग-२१ ला ‘उडती शवपेटी’ का म्हटले जायचे? ६२ वर्षांची सेवा आणि अपघातांचा हिशेब

भारतीय हवाई दलाचे पहिले सुपरसॉनिक लढाऊ विमान मिग-२१ हे २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडमध्ये निवृत्त झाले. १९६३ मध्ये याच शहरात २८ व्या स्क्वाड्रनपासून त्याची सेवा सुरू झाली होती. निरोपाच्या वेळी समाजमाध्यमांवर एकीकडे त्याचे कौतुक झाले, तर दुसरीकडे ‘उडती शवपेटी’ हे जुने नावही पुन्हा फिरले. यातले खरे काय?

विमान कुठून आले?

सोव्हिएत संघाच्या मिकोयान-गुरेविच संस्थेने १९५० च्या दशकात हे विमान घडवले. जगभरात ११ हजारांहून अधिक मिग-२१ तयार झाली. भारतात त्यांची निर्मिती ‘एचएएल’च्या नाशिकजवळील ओझर कारखान्यात झाली. पुढे सुमारे १२५ विमानांचे ‘बायसन’ या सुधारित रूपात आधुनिकीकरण करण्यात आले.

युद्धातील कामगिरी

१९७१ च्या युद्धात १४ डिसेंबरला मिग-२१ विमानांनी ढाक्यातील गव्हर्नर हाऊसवर रॉकेटचा मारा केला. त्यानंतर लगेचच पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरांनी राजीनामा दिला. १९९९ च्या कारगिल संघर्षातही हे विमान वापरले गेले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाडाव झालेले विंग कमांडर अभिनंदन वर्धमान मिग-२१ बायसनच चालवत होते.

अपघात किती?

तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार, खरेदी केलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने १९७१-७२ ते एप्रिल २०१२ या काळात अपघातांत गमावली गेली. त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिकांचा मृत्यू झाला. हा आकडा ‘मिग विमानां’चा म्हणून दिला गेला होता; समाजमाध्यमांवर तो सरसकट मिग-२१ चा म्हणून सांगितला जातो.

जमिनीवरच्या लोकांनाही किंमत मोजावी लागली. मे २००२ मध्ये जालंधरमध्ये मिग-२१ एका बँकेच्या इमारतीवर कोसळून आठ जणांचा मृत्यू झाला. मे २०२३ मध्ये राजस्थानातील हनुमानगड जिल्ह्यात घरावर विमान पडून तीन महिला दगावल्या. वैमानिक मात्र बचावला.

कारणे कोणती?

अँटनी यांनी मानवी चुका आणि तांत्रिक बिघाड ही दोन्ही कारणे सांगितली होती. विमानाला एकच इंजिन असल्याने ते बंद पडले किंवा पक्षी धडकला, तर वैमानिकाच्या हाती काही सेकंदच उरत. त्रिकोणी, छोट्या पंखांमुळे ते ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने उतरवावे लागे.

अशा विमानासाठी तसेच प्रशिक्षण हवे होते. नवोदित वैमानिक मात्र ‘किरण’सारख्या संथ प्रशिक्षण विमानांवरून थेट मिग-२१ वर येत. मधल्या टप्प्यासाठी प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे, अशी शिफारस ला फोंतेन समितीने १९८२ मध्येच केली होती. ‘हॉक’ विमाने दाखल व्हायला २००८ उजाडले. म्हणजे २६ वर्षे गेली.

दोष कोणाचा?

१७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातील सुरतगडहून रात्री उड्डाण केलेले फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा मिग-२१ कोसळून मृत्यू झाला. ठपका वैमानिकावर ठेवण्यात आला. आई कविता आणि हवाई दलातूनच निवृत्त झालेले वडील अनिल गाडगीळ यांनी तो मान्य केला नाही आणि मिगच्या सुरक्षिततेचा प्रश्न जाहीरपणे लावून धरला. ‘वैमानिकाची चूक’ असे लिहिले की चौकशी संपते. पण त्याला पुरेशी तयारी करून दिली होती का, हा प्रश्न उरतो, तो या प्रकरणामुळे घराघरांत पोहोचला.

मग इतकी वर्षे का वापरले?

पर्याय वेळेत आला नाही म्हणून. मिग-२१ ची जागा घेण्यासाठी हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला. ‘तेजस’ची पहिली स्क्वाड्रन २०१६ मध्ये उभी राहिली. तोवर जुन्या विमानांचे आयुष्य वाढवत राहणे भाग पडले.

थोडक्यात, मिग-२१ हे मुळातच टाकाऊ विमान नव्हते. ते चालवायला अवघड होते, आणि प्रशिक्षण व पर्याय या दोन्ही बाबतींत झालेल्या दिरंगाईची किंमत वैमानिकांनी चुकवली. ज्या ओझरमध्ये मिग घडले, तिथेच ऑक्टोबर २०२५ मध्ये तयार झालेल्या पहिल्या तेजस एमके-१ए विमानाने उड्डाण केले.