श्रद्धा आणि उद्योगधंदा

महापे येथील औद्योगिक वसाहतीत लहान कारखाना चालविणाऱ्या ख्रिस्ती मालकाच्या श्रद्धेची कसोटी मंदीत लागते. ग्राहकांची बिले थकतात, तेव्हा कामगारांचे पगार अडवून ठेवण्याचा मोह होतो. परंतु मजुरी अडवून ठेवणाऱ्या धनवानांना संत याकोबाने आपल्या पत्रात कठोर इशारा दिला आहे. पोप तेरावे लिओ यांनीही १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. हीच श्रद्धा आपल्याकडे पैशाच्या व्यवहारातही उतरली आहे. सावकारी पाशात अडकलेल्या वसईच्या शेतकऱ्यांसाठी मॉन्सिनिअर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली सहकारी पतसंस्था उभारली. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. प्रार्थना नफ्याची हमी देत नाही. आधी कामगारांचे पगार चुकते करण्याचे बळ मात्र देते.