अडीच इंचांची सहल आणि भिंतीवरचे पूर्वज

चिखलदऱ्याला देवी पॉइंटवर काढलेला फोटो आज मोबाइलमधून निघून दोन-चार दिवसांत तीन फुटी कॅनव्हासवर छापून येतो आणि बैठकीच्या खोलीत टांगला जातो. फोटो भिंतीवर जाणे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की, एकेकाळी ते तंत्रदृष्ट्या अवघड होते आणि रूढीच्या दृष्टीने तर जवळजवळ अशक्यच होते, हे लक्षातही येत नाही. हा धागा त्या प्रवासाचा.

आधी तंत्राची अडचण. १८५० नंतर रूढ झालेला अल्ब्युमेन कागद, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद, प्रकाशाला फार मंद प्रतिसाद देई. काचेची निगेटिव्ह त्यावर थेट दाबून उन्हात ठेवावी लागे. परिणामी जेवढी काच, तेवढेच चित्र! भिंतीवर लांबून दिसेल असा फोटो हवा, तर तेवढ्या आकाराची काच आणि ती पेलणारा कॅमेरा हवा. १८५७ मध्ये अमेरिकेत डेव्हिड वुडवर्ड याने सूर्यप्रकाश भिंगातून नेऊन चित्र मोठे करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पण असे वाढवलेले चित्र पुष्कळदा फिकट येई. मग चित्रकार त्यावर रंग चढवी आणि खालचा फोटो केवळ रेखाटनापुरता उरे. जुन्या घरांत ‘तैलचित्र’ म्हणून मिरवणाऱ्या काही चौकटींत रंगाखाली फोटोच दडलेला असतो. (खात्री करण्यासाठी कोणी खरवडू नये.)

मुंबईत ही विद्या लवकर पोहोचली. १८५४ मध्ये तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. विल्यम जॉन्सन याने १८६३ मध्ये मुंबईतील जातीजमातींवर पुस्तक काढले, तेव्हा स्टुडिओत टिपलेल्या माणसांच्या आकृती निराळ्याच पार्श्वभूमीवर जुळवल्या. फोटोशॉपची कुळकथा सांगायची तर ती इथपर्यंत मागे नेता येते. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि रंगीत देवदेवता सामान्यांच्या भिंतींवर आल्या. भिंतीवरचे चित्र म्हणजे रंग, काच आणि चौकट, हे समीकरण डोळ्यांत पक्के बसण्यात या छापील चित्रांचा वाटा मोठा आहे. करड्या फोटोवर हाताने गुलाबी गाल आणि सोनेरी काठ रंगवून घेण्याची हौस त्या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

वऱ्हाडात या हौसेला पैसा पुरवला तो कापसाने. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) वऱ्हाडी कापसाचे भाव चढले आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. वाड्यांच्या बैठका सजू लागल्या. त्या बैठकीतला फोटो उंच आणि पुढे झुकलेला असे, हा तपशील महत्त्वाचा आहे. पाहणारा खुर्चीवर नव्हे, तर खाली गादीवर बसलेला असे. त्याला काचेवरची झळाळी न लागता चेहरा दिसावा, म्हणून हा कल. त्या उंचीवर जागा मिळे ती देवांना, राजेरजवाड्यांना आणि घरातल्या कर्त्या पुरुषांना. मृत्यूनंतर त्याच फोटोला हार चढे. ‘फोटोला हार लागला’ या तीन शब्दांचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. अशा भिंतीवर हसतखेळत काढलेल्या सहलीच्या फोटोला स्थान कुठले?

शिवाय सहलीचा फोटो लहानही होता. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि गाविलगडाशेजारचे, सुमारे ११०० मीटर उंचीवरचे चिखलदरा अधिकाऱ्यांच्या उन्हाळ्याचा विसावा बनले. १८८८ च्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर चित्रांची फिल्म असे, पण प्रत्येक चित्र अडीच इंच व्यासाचे वर्तुळ. १९०० मध्ये एका डॉलरला मिळू लागलेल्या ब्राउनीचे चित्र तर सव्वादोन इंचांचे! दिव्याच्या उजेडात मोठे करता येणारा ब्रोमाइड कागद एव्हाना आला होता, पण एवढ्याशा चित्रासाठी तो खर्च कोण करणार? सहल अल्बमात गेली, पूर्वज भिंतीवर राहिले. ही विभागणी पुढे अनेक दशके टिकली.

याच डोंगरात पूर्वजांचे चित्र करण्याची आणखी एक परंपरा आहे आणि तिला कॅमेऱ्याची गरज नव्हती. मेळघाटातील कोरकू समाज मृतांच्या स्मरणार्थ लाकडी फळी कोरून उभारतो. तिला ‘मुंडा’ म्हणतात. तिच्यावर चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार कोरलेले असतात. चेहऱ्याचे साम्य तेथे अपेक्षितच नाही. फळी कोणासाठी उभारली, हे नातलगांना ठाऊक असते. १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात मेळघाटच्या कोरकूंची छायाचित्रे आहेत. तेथे नेमके उलटे घडले. चेहरे स्पष्ट आहेत. खाली जमातीचे नाव आहे, व्यक्तींची नावे नाहीत. आज एखाद्या कोरकू कुटुंबाला आपला पणजोबा त्यात ओळखून त्याचा फोटो घरात लावायचा असेल, तर ग्रंथ त्याला काहीच मदत करत नाही.

वाड्यांमधल्या चौकटींवरही आता हीच वेळ येते आहे. जुना फोटो स्कॅन होतो, कॅनव्हासवर छापला जातो, आणि डाग पडलेले मूळ चित्र चौकटीसह भंगारात जाते. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कोण कुठे उभे आहे याची नोंद पुष्कळदा मागच्या पुठ्ठ्यावर असते आणि स्कॅन मात्र पुढच्याच बाजूचा होतो. सहलीच्या फोटोत कुटुंब मोठे दिसावे म्हणून कडा कापल्या, तर मागची गाविलगडाची तटबंदीही जाते. त्या वर्षी ती कितपत शाबूत होती, याचा तोच एक पुरावा असू शकतो. म्हणून कापण्याआधी पूर्ण चित्र आणि मागची बाजू, दोन्ही स्कॅन करून ठेवावीत. भिंतीवर प्रत लावावी. मूळ फोटो ऊन आणि पावसाळी ओल यांपासून दूर, कोरड्या जागी ठेवावा. मागे नावे लिहायची असतील तर ती शाईने नव्हे, मऊ पेन्सिलीने, कडेला, आणि घरातली ती माणसे ओळखणारी आजी हयात असतानाच लिहून घ्यावीत.