जुळवावा की तयार घ्यावा? गेमिंग पीसीच्या एका प्रश्नाचा इतिहास

पहिला गेमिंग पीसी सुटे भाग आणून स्वतः जुळवावा, की दुकानातून तयार उचलावा? हा प्रश्न आज इतक्या सहजपणे विचारला जातो की तो घरगुती संगणकाइतकाच जुना असावा असे वाटते. तसे नाही. आरंभी ‘बांधणे’ या शब्दाचा अर्थच निराळा होता. आज जी निवड गृहीत धरली जाते ती एका बलाढ्य कंपनीच्या घाईतून जन्माला आली, आणि पुढे ती मागे घेण्याचा प्रयत्नही त्याच कंपनीने केला. हा धागा त्या निवडीचा.

आरंभ जानेवारी १९७५ पासून. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर एक निळसर पेटी झळकली : अल्टेअर ८८००. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क शहरात एड रॉबर्ट्स यांची ‘एमआयटीएस’ ही कंपनी गणकयंत्रांच्या किंमतयुद्धात पार खचली होती. हे यंत्र म्हणजे तिचा शेवटचा डाव. त्याच वर्षी सुट्या भागांचा संच ४३९ डॉलरला, तर जुळवलेले यंत्र ६२१ डॉलरला मिळू लागले. १८२ डॉलर वाचवायचे तर शेकडो सुटे भाग पाट्यांवर बसवून प्रत्येकाला हाताने डाख द्यायचा. एक जोड कच्चा राहिला की यंत्र मुके.

आणि यंत्र चालले तरी काय दिसणार? पडदा नाही, कळफलक नाही, २५६ बाइट स्मृती. समोर खटक्यांची आणि लाल दिव्यांची रांग. तरीही त्याच वर्षी डीन मॅकडॅनिएल यांनी त्यावर ‘किल द बिट’ हा खेळ लिहिला : पेटलेला दिवा रांगेतून सरकत राहतो, नेमक्या क्षणी त्याच्या खालचा खटका दाबून तो विझवायचा, क्षण चुकला तर आणखी एक दिवा पेटतो. यंत्र हाती आले की माणूस आधी हिशेब करील असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पुढच्या वर्षी निवडीचा प्रश्न प्रथमच दुकानाच्या काउंटरवर आला. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे पॉल टेरेल यांचे ‘बाइट शॉप’ होते. संच विकत नेणारी बरीच गिऱ्हाइके तो पुरा करू शकत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून स्टीव्ह जॉब्स अॅपलचे पहिले यंत्र घेऊन आले तेव्हा टेरेल यांनी ५० नग मागवले, प्रत्येकी ५०० डॉलर देऊ केले, पण अट घातली : पाट्या जुळवलेल्या हव्यात. ‘अॅपल १’ त्यामुळे अर्धी तयार, अर्धी सुटी अशी विकली गेली. पाटी तयार, पेटी, कळफलक आणि वीजपुरवठा मात्र गिऱ्हाइकाने पाहायचा.

१९७७ साली अॅपल २, टीआरएस-८० आणि कमोडोर पेट ही तीन यंत्रे पूर्ण तयार स्वरूपात बाजारात आली. त्यांतील अॅपल २ च्या रंगांचे, ध्वनीचे आणि खेळाच्या पॅडल्सचे मूळ एका खेळातच आहे. ‘ब्रेकआउट’ हा खेळ त्यावर बेसिक भाषेत चालावा, अशी स्टीव्ह वोझनियाक यांची इच्छा होती. त्याच यंत्रात आणखी एक वाद दडला आहे. जास्तीची कार्डे बसवण्यासाठी जॉब्स यांना दोनच खाचा पुरेशा वाटत होत्या. वोझनियाक आठांवर अडून बसले. शेवटी आठ खाचा राहिल्या. पेटी उघडणे हा मालकाचा हक्क आहे की नाही, हा त्या वादाचा खरा विषय, आणि तो आजवर मिटलेला नाही.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न चक्क जाहिरातीत छापून आला. क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा झेडएक्स८० हा संगणक १९८० च्या फेब्रुवारीत आला : संच ७९.९५ पौंड, तयार यंत्र ९९.९५ पौंड. पुढच्या वर्षी झेडएक्स८१ : संच ४९.९५, तयार ६९.९५. दोन्ही वेळा फरक नेमका वीस पौंडांचा. हाताचे कष्ट, एखादी चिप जळण्याची धास्ती आणि काही संध्याकाळी, या साऱ्यांचा भाव ठरला होता वीस पौंड.

परंतु त्या वीस पौंडांत काय मिळत नव्हते, हे महत्त्वाचे. संच बांधणाऱ्याला आणि तयार यंत्र घेणाऱ्याला शेवटी तंतोतंत तेच यंत्र मिळे. तीच १ केबी स्मृती, तोच चपटा कळफलक, घरच्या टीव्हीवर तेच कृष्णधवल चित्र. बांधणाऱ्याने कष्ट वाचवले नाहीत, पैसे वाचवले. निवड मात्र दोघांनाही नव्हती. शिवाय बांधण्याजोगे कामही आटत चालले होते. झेडएक्स८० मध्ये २१ चिपा होत्या, झेडएक्स८१ मध्ये फक्त चार, कारण बहुतेक मंडल फेरांटी कंपनीच्या एकाच चिपेत सामावले गेले. १९८२ चा झेडएक्स स्पेक्ट्रम तयारच विकला जाऊ लागला. ज्या यंत्राने ब्रिटनच्या एका पिढीला खेळाचे वेड लावले, ते बांधण्याचा पर्याय मुळात नव्हताच.

मग आजचा, भाग निवडून जुळवण्याचा पर्याय आला कोठून?

त्यासाठी फ्लोरिडातील बोका रॅटन येथे जावे लागते. आयबीएम आपल्या यंत्राचा प्रत्येक भाग स्वतः घडवणारी कंपनी होती. पण घरगुती संगणकांची बाजारपेठ हातची निसटत होती आणि वरिष्ठांनी मुदत दिली सुमारे एका वर्षाची. डॉन एस्ट्रिज यांच्या चमूने कंपनीची रीत मोडली आणि बाहेरचे भाग घेतले : इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, मायक्रोसॉफ्टची कार्यप्रणाली, इतरांचे ड्राइव्ह. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम पीसी जाहीर झाला. आत जास्तीच्या कार्डांसाठी पाच खाचा होत्या, आणि तांत्रिक पुस्तिकेत मंडलांचे आराखडे तर होतेच, पण बायोसची संपूर्ण संहिताही छापलेली होती. इतरांनी त्यासाठी कार्डे बनवावीत हा हेतू. इतरांनी यंत्रच बनवावे हा हेतू अर्थातच नव्हता.

बायोसवर आयबीएमचा स्वामित्वहक्क होता, आणि छापलेली संहिता वाचणारा माणूस ती नकळतही उतरवण्याचा धोका होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स सोडून आलेल्या तिघांनी स्थापलेल्या कॉम्पॅकने त्यावर तोड काढली. एका गटाने बायोस काय करते एवढेच लिहून काढायचे. ज्यांनी मूळ संहिता कधी पाहिलीच नाही अशा दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवी लिहायची. १९८३ मध्ये कॉम्पॅक पोर्टेबल विक्रीस आला आणि पहिल्या वर्षी ५३,००० नग खपले. १९८४ पासून फीनिक्स ही कंपनी असेच बायोस कोणालाही परवान्यावर देऊ लागली. तेव्हा दार खऱ्या अर्थाने उघडले.

नवे यंत्र आयबीएमशी खरोखर जुळते का, हे तपासण्याची त्या काळची लोकप्रिय कसोटीही रंजक आहे. दोन प्रोग्राम चालवून पाहिले जात : लोटस १-२-३ आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. पहिला हिशेबाचा, दुसरा विमान उडवण्याचा. दोन्ही थेट यंत्रसामग्रीला हात घालत, त्यामुळे नक्कल कच्ची असेल तर लगेच उघडी पडे.

एप्रिल १९८७ मध्ये आयबीएमने ‘पीएस/२’ मालिका आणली आणि खाचांची नवी, परवान्याने बांधलेली रचना पुढे केली. ज्याला तसे यंत्र बनवायचे असेल त्याने मोल मोजावे. प्रतिस्पर्ध्यांनी मोल मोजले नाही. कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी १९८८ मध्ये जुन्या कार्डांना सामावून घेणारी आपली वेगळी रचना जाहीर केली. आयबीएमची खाच इतिहासजमा झाली. ‘पीएस/२’ हे नाव उरले ते कळफलक आणि माउसच्या गोल पिनेपुरते. दार पुन्हा बंद करता आले नाही.

आता ‘बांधणे’ म्हणजे डाख देणे राहिले नव्हते. मदरबोर्ड एकाचा, रॅम दुसऱ्याची, कॅबिनेट तिसऱ्याचे. हाती फक्त स्क्रू-ड्रायव्हर. कष्ट घटले आणि निवड वाढली. पण भाग एकमेकांशी नांदतीलच याची हमी नव्हती. १९९३ च्या डिसेंबरात आलेला ‘डूम’ आवाजासह खेळायचा तर साउंड ब्लास्टर कार्डाला कोणता इंटरप्ट क्रमांक दिला आहे हे ठाऊक असावे लागे. तोच क्रमांक दुसऱ्या कार्डाने बळकावला असेल तर खेळ मुका, नाहीतर यंत्र गप्प. विंडोज ९५ आणि त्याच वर्षी इंटेलने आणलेले एटीएक्स हे मदरबोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएस यांचे सामायिक माप, या दोहोंनी हा जाच पुष्कळ कमी केला.

तरीही ‘गेमिंग पीसी’ ही वेगळी जात ठरली ती एका कार्डामुळे. १९९६ च्या अखेरीस थ्रीडीएफएक्स कंपनीच्या ‘व्हूडू’ चिपेवरची कार्डे बाजारात आली. त्या वर्षी स्मृतीचे भाव कोसळले होते, म्हणून ४ एमबी स्मृतीचे हे कार्ड सुमारे ३०० डॉलरला विकणे परवडले. त्याला साधा विंडोजचा पडदाही दाखवता येत नसे. जुने ग्राफिक्स कार्ड जागच्या जागी ठेवायचे, त्याची तार व्हूडूत घालायची आणि व्हूडूची तार मॉनिटरला. खेळ सुरू झाला की ऑर्किड कंपनीच्या कार्डात रिले ‘टक्’ असा वाजे आणि चित्राचा ताबा नव्या चिपेकडे जाई. जानेवारी १९९७ मध्ये जॉन कार्मॅक यांनी ‘क्वेक’ची अशा कार्डांवर चालणारी आवृत्ती दिली, आणि ओबडधोबड चौकटींच्या जागी गुळगुळीत भिंती दिसू लागल्या.

या भागाला खेळाखेरीज जवळपास काहीच उपयोग नव्हता. अभ्यास, कार्यालय, हिशेब, कशाचीही सबब त्याला पुरत नव्हती. कार्यालयासाठी बनलेल्या तयार संगणकात तो असण्याचे कारण नव्हते. ज्याला तो हवा होता त्याला पेटी उघडावी लागे. आणि एकदा पेटी उघडली की पुढचे यंत्र तयार घेण्याचे प्रयोजन उरत नाही.

अशा मंडळींना १९९८ मध्ये आणखी एक घबाड सापडले. इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त, १४९ डॉलरचा प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झसाठी विकला जाई. मदरबोर्डचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की तोच बहुतेकदा ४५० वर बिनतक्रार धावे, म्हणजे त्या वेळच्या कितीतरी महाग पेंटियम २ च्या पंक्तीला बसे. तयार संगणक विकणारी मोठी कंपनी असा उद्योग करून हमी देणे शक्य नव्हते. हाताने जुळवणाऱ्याला ते दहा मिनिटांचे काम. सिंक्लेअरच्या संचात जे नव्हते ते येथे होते : जुळवणाऱ्याचे यंत्र आता निराळे होते, आणि अधिक चांगलेही.

पण सगळ्यांनाच हे जमत नव्हते, आणि त्यातूनच मधला व्यवसाय उभा राहिला. फाल्कन नॉर्थवेस्ट १९९२ पासून खेळासाठीच यंत्रे जुळवून देत होती. १९९६ मध्ये मायामीत एलियनवेअर निघाली. भाग तेच, हात त्यांचे, वर मजुरी आणि हमी. २००६ साली डेलने एलियनवेअर विकत घेतली. ज्या मायकेल डेल यांनी १९८४ मध्ये टेक्सासच्या विद्यार्थिवसतीत संगणकांत भाग घालून विकण्यापासून सुरुवात केली होती, त्यांच्याच कंपनीने.

मुंबईत या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्याच प्रकारे दिले गेले. ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा संगणकाच्या आधी रेडिओ आणि टीव्हीच्या सुट्या भागांचा बाजार. तेथे गिऱ्हाईक ना सगळे स्वतः करी, ना तयार पेटी उचली. चार दुकाने फिरून ‘कोटेशन’ घ्यायचे, मदरबोर्डापासून कॅबिनेटपर्यंत घासाघीस करायची, आणि जुळवणी दुकानदाराच्या पोऱ्याकडून समोर उभे राहून करून घ्यायची. मराठी घरांत त्या यंत्राला एकच नाव होते : असेंबल्ड. त्याच्या उलट ‘ब्रँडेड’. तो महाग, पण बिघडला तर कोणाला बोलवायचे हे ठाऊक असलेला. वडिलांपुढे कारण अभ्यासाचे सांगितले जाई. एजीपी खाचेतले कार्ड मात्र त्या कारणाला दुजोरा देत नसे.

स्वतः जुळवले की स्वस्त पडते, हे सूत्र यानंतर इतके पक्के झाले की ते कोणी तपासेनासे झाले. २०२० च्या अखेरीपासून ते उलटले. महामारीतला चिपांचा तुटवडा आणि इथेरियमच्या खाणकामासाठी होणारी उचल यांमुळे ग्राफिक्स कार्डे छापील किमतीला मिळेनाशी झाली. ६९९ डॉलरचे म्हणून जाहीर झालेले आरटीएक्स ३०८० काळ्या बाजारात दुपटीच्याही पुढे गेले. मोठ्या उत्पादकांना मात्र कार्डांचा पुरवठा थेट होत होता. तेव्हा अनेकांनी निव्वळ कार्डासाठी तयार पीसी घेतले, कारण अख्ख्या पेटीची किंमत सुट्या भागांच्या बेरजेहून कमी भरत होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने खाणकामाची पद्धतच सोडली, आणि वापरलेल्या कार्डांचा बाजारात पूर आला.