एका यजमानावरील आभासी यंत्रे : परस्परव्यवहाराचा इतिहास

आभासी यंत्राची कल्पना मुळात विभक्ततेची आहे. वाडा एक, परंतु चुली वेगळ्या, अशी ही व्यवस्था होय. एकाच भौतिक संगणकावर अनेक यंत्रे नांदावीत, आणि त्यांपैकी प्रत्येकास आपण एकटेच आहोत असे भासावे, हा तिचा हेतू. अशा यंत्रांस परस्परांशी बोलण्याची गरज पडली तेव्हा काय घडले, हे पाहणे उद्बोधक आहे.

आय. बी. एम.च्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील शास्त्रीय केंद्रात सीपी-४० व त्यापाठोपाठ सीपी-६७ या प्रणाली १९६० नंतरच्या दशकात सिद्ध झाल्या. त्यांत प्रत्येक आभासी यंत्रास स्वतःचे आभासी कार्ड-वाचक व कार्ड-छिद्रक असे. शेजारच्या यंत्रास मजकूर द्यावयाचा तर तो ८० स्तंभांच्या कार्डांच्या रूपाने छिद्रकावर पाठवावयाचा आणि नियंत्रक कार्यक्रमाने तो दुसऱ्याच्या वाचकात ठेवावयाचा, अशी रीत होती. कागदाचे कार्ड कोठेच नव्हते. त्याचा शिष्टाचार मात्र कायम होता. पुढे १९७२ मध्ये जाहीर झालेल्या व्हीएम/३७० च्या परंपरेत एका यंत्राच्या स्मृतीतून दुसऱ्याच्या स्मृतीत नियंत्रकाकरवी थेट संदेश नेण्याची सोय झाली. शेजार प्रथमच मान्य झाला. परंतु मध्यस्थ राहिलाच.

इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात निर्माण झालेल्या व २००३ मध्ये विद्वानांपुढे मांडल्या गेलेल्या झेन प्रणालीत हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. येथे कार्डाची जागा नेटवर्कने घेतली. एकाच यजमानावरील दोन यंत्रांमधील मजकूरही पुड्यांत बांधला जाऊन एका विशेषाधिकारी यंत्रामार्फत जात असे. नक्कल करण्याचा वेळ वाचावा म्हणून आरंभी स्मृतीच्या पृष्ठांची मालकीच बदलण्याची युक्ती योजिली होती. वरवर पाहता ती निर्दोष वाटते. परंतु मालकी बदलावयाची म्हणजे नियंत्रकास पाचारण करणे, पृष्ठकोष्टके बदलणे व पत्त्यांचे जलद कोष्टक पुसणे आलेच. २००६ मध्ये मेनन, कॉक्स व झ्वेनपोल यांनी या फेरफारापेक्षा साधी नक्कल स्वस्त पडते असे दाखविले. नक्कल टाळली की कार्यक्षमता साधली, हे समीकरण अशा रीतीने खोटे ठरले.

यानंतरचे प्रयत्न सामायिक स्मृतीकडे वळले. २००७ मधील झेनसॉकेट या योजनेत दोन यंत्रांमध्ये स्मृतीचा एक भाग एकदाच सामायिक करून त्यातून मजकूर वाहू दिला जाई. मात्र त्यासाठी आज्ञावलीस या नव्या मार्गाची जाणीव असणे अवश्य होते. २००८ मधील झेनलूपने हा बोजा आज्ञावलीवरून उतरविला. शेजारी कोण हे शोधून पुड्या मधल्यामध्ये सामायिक स्मृतीत वळविल्या जात. आणि एखादे यंत्र चालू स्थितीतच दुसऱ्या यजमानावर हलविले गेले, तर व्यवहार पुन्हा नेटवर्कच्या राजमार्गाने सुरू होई. शेजार हा कायमचा नसतो, याची ही कबुलीच होय.

तथापि निकटता निर्धोक नसते. लॅम्पसन यांनी १९७३ मध्येच चोरट्या माहितीमार्गांचा प्रश्न उपस्थित केला होता. २००९ मध्ये रिस्टेनपार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, व्यावसायिक मेघसेवेत परक्याच्या यंत्राशेजारी आपले यंत्र हेतुपुरस्सर बसविता येते, आणि सामायिक साधनांच्या वापरावरून त्याच्या हालचालींचा अंदाज बांधता येतो. जी जवळीक संदेश जलद नेते, तीच गुपितही फोडू शकते.

या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. येथे कार्यक्षमता ही केवळ वेगाची बाब नाही. भिंतीत दार कोठे पाडावे, त्याची किल्ली कोणाकडे असावी आणि शेजारी बदलल्यास ते कसे बंद करावे, या तिन्ही प्रश्नांचे एकत्रित उत्तर म्हणजेच कार्यक्षम परस्परव्यवहार होय.