मंगळावरचे कालवे आणि मंगळावरचा चेहरा

मंगळावर कोणी राहते काय, हा वाद मला फार प्रिय आहे. कारण त्यात लबाड माणसे थोडी आणि प्रामाणिक माणसे फार आहेत.

१८७७ साली मिलानच्या शियापारेल्लीने दुर्बिणीतून मंगळावर रेषा पाहिल्या व त्यांना आपल्या भाषेत 'कानाली' म्हटले. कानाली म्हणजे नैसर्गिक ओहोळही होतात. पण इंग्रजीत शिरताना त्यांचे कालवे झाले, आणि कालवा म्हटला की तो खणणारा ओघानेच आला! पर्सिव्हल लोवेल या धनिक अमेरिकनाने १८९४ साली ॲरिझोनात पदरच्या पैशाने वेधशाळा उभारली, आणि ध्रुवांवरच्या बर्फाचे पाणी दूरवर नेऊन आपला वाळत चाललेला ग्रह जगविणाऱ्या शहाण्या जीवांची हकीकत जगाला सांगितली. १९०५ साली त्याचा सहकारी लॅम्पलंड याने या कालव्यांचे फोटोच काढले. आता तरी वाद मिटावा की नाही? पण काचेवर मंगळाचे बिंब जेमतेम पाव इंचाचे; छापावयास घेतले की बारीकसारीक सारे पुसून जाई. ज्यांना कालवे हवे होते त्यांना ते दिसले, इतरांना दिसले नाहीत.

मला पटणारे उत्तर त्याआधीच एका शाळेत मिळाले होते. ग्रीनिच वेधशाळेच्या मॉन्डरने तेथल्याच एका शाळेतील मुलांपुढे मंगळाची चित्रे मांडली व दिसेल ते काढावयास सांगितले. हा प्रयोग १९०३ साली प्रसिद्ध झाला. चित्रांत कालवा एकही नव्हता. होते ते ठिपके आणि वेडेवाकडे डाग. पुढे बसलेल्या मुलांनी ठिपके काढले. अगदी मागच्यांना धड काहीच दिसले नाही. मधल्या मुलांनी मात्र सरळ रेषा काढल्या! फ्लामारिओंने फ्रान्समध्ये हाच प्रयोग केला तेव्हा तेथील मुलांनी रेषा काढल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पण १९०९ साली पॅरिसजवळ म्यदाँच्या मोठ्या दुर्बिणीतून, हवा अगदी स्थिर असताना, आंतोनियादीने मंगळ पाहिला आणि रेषा विरून नुसते डाग उरले. १९६५ साली मरिनर-४ यानाने जवळून फोटो पाठविले. त्यांत विवरे होती. कालवे बुजले.

मधला बाक मात्र रिकामा राहिला नाही. २५ जुलै १९७६ रोजी वायकिंग-१ यानाने सिडोनिया भागातील एका टेकडीचा फोटो घेतला. सूर्य कलता, सावल्या लांब. आणि त्यांत डोळे, नाक, ओठ असलेला सुमारे दोन किलोमीटरांचा मानवी चेहरा आकाशाकडे पाहत होता. संदेश येताना गळालेल्या माहितीचे काळे ठिपके फोटोभर होते. त्यांतला एक नेमका नाकपुडीच्या जागी पडला. 'नासा'ने हा छायाप्रकाशाचा भास आहे असे सांगूनच फोटो प्रसिद्ध केला. पुढे दिपिएत्रो व मोलेनार या अभियंत्यांनी संग्रहातून दुसरा फोटो शोधून काढला. त्यात सूर्य वर होता, तरी चेहरा होताच! अशा माणसांना वेड्यांत काढणे मला जमत नाही. त्यांनी पुरावाच मागितला होता, आणि वायकिंगच्या फोटोतला एकेक ठिपका चाळीसहून अधिक मीटरांचा होता.

१९९८ च्या एप्रिलमध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरने दहापट बारकाईचा फोटो पाठविला: झिजलेली टेकडी. विरळ ढगांमुळे खुणा झाकल्या, अशी तक्रार निघाली. २००१ साली निरभ्र दिवशी पुन्हा फोटो घेतला. तीच टेकडी, माथा सपाट, कडा ढासळलेल्या.

आता वाद पुन्हा ठिपक्यांवर आला आहे. जुलै २०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्स गाडीला जेझेरो विवरात चित्त्याच्या अंगावरच्यासारखे मिलिमीटरभराचे ठिपके असलेला एक खडक आढळला. ते सूक्ष्म जीवांचे काम असू शकेल, निर्जीव रसायनांचेही असू शकेल, असे शास्त्रज्ञांनी सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. त्या खडकाचा तुकडा एका नळीत बंद करून ठेवला आहे. नळी अजून मंगळावरच आहे.