शड्डू आणि खडाखडी
हिंगोली–नांदेड रस्त्यावरील आखाडा बाळापूर हे कळमनुरी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव ज्या टापूत येते, तो १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्यात मोडत असे. राज्ये आणि जिल्हे बदलले, तरी यात्रेत कुस्त्यांची दंगल भरवण्याची मराठवाड्याची रीत टिकून राहिली, आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ती आजही पाहायला मिळते.

अशा दंगलींत प्रतिस्पर्ध्यावर मानसिक दडपण आणणे ही आडवाट मानली जात नसे. तो कुस्तीचा उघड आणि मान्य भाग होता, कारण यात्रेच्या मैदानात वजनकाटा नसे आणि जोड, म्हणजे बरोबरीचे दोन मल्ल, पंच केवळ नजरेने ठरवीत. इनाम जाहीर झाल्यावर मल्ल उघड्या अंगाने मैदानाला फेरी मारी, तेव्हा आव्हान स्वीकारायचे की मागे सरायचे याचा निर्णय पाहणाऱ्याच्या मनात होऊन जाई, आणि पुष्कळ कुस्त्या तेथेच अर्ध्या जिंकल्या जात असाव्यात. त्यापुढचा शड्डू, म्हणजे मांडीवर किंवा दंडावर थाप मारून दिलेले आव्हान, फार जुना आहे. महाभारताच्या विराटपर्वात जीमूताशी लढणारा भीमही दंड थोपटतो, आणि मराठवाड्याला लागून असलेल्या कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदाला स्वतंत्र स्थान आहे.

हातसलामीनंतर खडाखडी सुरू होई, म्हणजे दोघे उभ्याने हात व मान धरून एकमेकांचा जोर आणि दम अजमावीत. निकाली कुस्तीला वेळेचे बंधन नसल्याने ही परीक्षा लांबे आणि हलगीचा वाढता ठेका तिला धार देई. असे दडपण इतर खेळांतही असते, पण टेबलावरच्या पूलच्या खेळात प्रतिस्पर्धी चेंडू खिशात घालत असताना दुसऱ्याला खुर्चीवर स्वस्थ बसावे लागते, त्यामुळे तेथील धास्ती रिकामपणावर पोसते. मातीत मात्र आव फार वेळ टिकत नाही, कारण समोरच्याची पकड ढिली पडली की भीती हातालाच कळते.

मातीच्या जोडीला गादी, म्हणजे मॅट, आली आणि हे गणित बदलले. खाशाबा जाधवांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर सहावा क्रमांक मिळाला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. आजच्या आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोनच फेऱ्या असतात, आणि ताकीद देऊनही निष्क्रिय राहिलेल्या मल्लाला तीस सेकंदांत गुण मिळवता आला नाही, तर एक गुण प्रतिस्पर्ध्याला जातो. म्हणजे पूर्वी जी मुरब्बीपणाची खूण होती, ती रेंगाळणारी खडाखडी आता दंडाला पात्र ठरते. १९६१ मध्ये औरंगाबादला सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग आहेत, परंतु दोन्हीकडच्या विजेत्यांची अंतिम लढत अलीकडे गादीवरच होते. शड्डू तेथेही घुमतो. गुणफलकावर मात्र त्याला जागा नाही.