कशावरून? : मराठी विज्ञान-पत्रकारितेत येऊ पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आहेत, हे सांगणारा शोधनिबंध मार्च २०१६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे दोन्ही लेखक आपल्याच छत्रपती संभाजीनगर शहरात काम केलेले होते. राजदेव सिंग पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेतले रसायनतज्ज्ञ आणि एम. एम. सरदेसाई डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ. बातमी देशाबाहेरही गेली. अनेक मथळ्यांनी भांग-गांजाची गंमत पुढे केली आणि वाचक हसून पुढच्या पानावर गेला.

त्या शोधातले खरे नाट्य त्याच्या पद्धतीत होते. गिलाव्यात हजाराहून अधिक वर्षे अडकून पडलेला काडीएवढा तुकडा भांगेचाच आहे, हे ठरवायचे कसे? संशोधकांनी जालना जिल्ह्यातून आणि दिल्लीच्या आसपासहून भांगेची ताजी रोपे आणली. जुने आणि नवे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिले, अवरक्त किरणांच्या मदतीने त्यांची रासायनिक ओळख पटवली. तपासलेल्या नमुन्यांत भांगेचे प्रमाण साधारण १० टक्के निघाले. अजिंठ्याच्या गिलाव्यात मात्र ती आढळली नाही. अजिंठ्याच्या चित्रांचे किडीने मोठे नुकसान केले आहे, वेरूळला तसे झालेले नाही. तेव्हा भांगेमुळे कीड दूर राहिली असावी, असे अनुमान लेखकांनी मांडले.

पत्रकाराचे काम या अनुमानापाशी सुरू होते. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या खोल घळीत आहेत, तर वेरूळची डोंगराच्या मोकळ्या उतारावर. दोन्हीकडची हवा वेगळी आहे, दमटपणा वेगळा आहे. मग फरक भांगेने पडला की जागेने, की दोन्हींनी? असे विचारल्याने संशोधकांचा अवमान होत नाही. उलट ज्या सावधपणे त्यांनी 'असावी' म्हटले, त्या सावधपणाचा मान राखला जातो. विज्ञान-पत्रकारितेचा सगळा अभ्यासक्रम 'कशावरून?' या एका प्रश्नात मावतो, असे माझे मत आहे. या क्षेत्रात नव्याने पाऊल ठेवणाऱ्यांचे स्वागत मी याच प्रश्नाने करतो आहे.

मराठीत विज्ञानलेखनाची परंपरा जुनी आणि भरघोस आहे. 'दर्पण' काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनीच १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले आणि निसर्गशास्त्रे मराठी वाचकापुढे ठेवली. १९२८ मध्ये पुण्यात 'सृष्टिज्ञान' निघाले. त्याच्या संस्थापकांपैकी गोपाळ रामचंद्र परांजपे हे स्वतः भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली 'नारायण विनायक जगताप' या अनोळखी लेखकाच्या 'कृष्णविवर' कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि ते जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर असल्याचे मागाहून उघड झाले. पुढे १९९६ मध्ये नारळीकरांना विज्ञानप्रसारासाठीचा युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला आणि २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. विज्ञान लिहिणाऱ्याला साहित्याच्या मांडवात मानाने बसवायला मराठीला एवढा काळ लागला. पण बसवले, ही आनंदाची गोष्ट आहे.

या परंपरेचा अभिमान बाळगूनही एक उणीव स्पष्ट सांगितली पाहिजे. मराठीत विज्ञान-लेखक पुष्कळ झाले, विज्ञान-पत्रकार मोजकेच. लेखक सहसा स्थिरावलेले ज्ञान सोपे करून सांगतो. कृष्णविवर म्हणजे काय, पेनिसिलिन कसे सापडले, हा त्याचा प्रांत. पत्रकार जातो तो ज्ञान अजून घडत असताना, त्यावर वाद चालू असताना, कधी त्यात सरकारचा पैसा आणि लोकांचे पाणी गुंतलेले असताना. नमुने किती होते, तुलना कशाशी केली, खर्च कोणी दिला, या विषयातला दुसरा जाणकार काय म्हणतो, हे त्याला विचारावे लागते. आपल्याकडे हे लेखन बहुधा प्राध्यापकांनी आणि शास्त्रज्ञांनी नोकरी सांभाळून केले. बाळ फोंडके यांच्यासारखा भाभा अणुसंशोधन केंद्रातला जीवशास्त्रज्ञ 'सायन्स टुडे'चा संपादक होतो, शास्त्र आणि संपादन या दोन्ही शिस्ती अंगी बाणवतो आणि मराठीत सातत्याने लिहितो, असे उदाहरण विरळाच. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १९७८ मध्ये दर आठवड्याला विज्ञानाची स्वतंत्र पुरवणी सुरू केली. आपल्या जिल्हा आवृत्त्यांत महापालिका, गुन्हे आणि न्यायालय पाहणाऱ्या वार्ताहरालाच ग्रहण, साथीचे रोग आणि भूकंप हेही पाहावे लागतात.

तरीही मराठवाड्यातल्या पत्रकाराला विषय शोधायला दूर जावे लागत नाही. जायकवाडीचेच घ्या. पावसाळ्यात इथल्या वृत्तपत्रांत रोज नाथसागराची, म्हणजे या धरणाच्या जलाशयाची, टक्केवारी छापून येते. ही टक्केवारी कशाची, हे किती वाचकांना ठाऊक असते? धरणाची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर. त्यातला २,१७१ उपयुक्त साठा आणि उरलेला ७३८ मृतसाठा. छापली जाणारी टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. म्हणजे धरण 'शून्य टक्के' झाले तरी तळाशी सुमारे २६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असते आणि टंचाईत पिण्यासाठी त्यातूनच उपसा होतो. 'पन्नास टक्के' म्हणताना धरणात प्रत्यक्षात एकूण क्षमतेच्या सुमारे ६३ टक्के पाणी असते. शिवाय २,१७१ हा आकडा मूळ आराखड्यातला आहे. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या धरणात तेव्हापासून गाळ साचतो आहे. नाथसागर उथळ आणि पसरट असल्याने उन्हाळ्यात त्याचे पाणी वाफेवाटेही मोठ्या प्रमाणात जाते.

ही केवळ हिशेबाची बारकाई आहे असे कोणी म्हणू नये. समन्यायी पाणीवाटपाच्या सूत्रानुसार ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर नाशिक आणि अहिल्यानगरच्या वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. त्यावर मोर्चे निघतात, न्यायालयात याचिका जातात. हा ६५ चा आकडा कुठून आला, साठा कोण मोजतो, कशाने मोजतो, वरून सोडलेल्या पाण्यातले किती वाटेतच मुरते, हे समजावून सांगणारी बातमी राजकीय बातमीइतकीच महत्त्वाची आहे. आणि ती लिहिण्यासाठी लागणारी विद्या याच शहरात आहे. कांचनवाडीला 'वाल्मी' ही जल आणि भूमी व्यवस्थापनाची संस्था आहे. १९९३ मध्ये स्टॉकहोम जलपुरस्कार मिळवणारे माधवराव चितळे यांनी याच शहरात राहून पाण्यावर मराठीत लिहिले आणि व्याख्याने दिली. 'वाल्मी'त शिकवलेले प्रदीप पुरंदरे यांनी सिंचनाचे कायदे आणि आकडे सामान्य वाचकासमोर उलगडले. या मंडळींचे लेखन नवशिक्या वार्ताहराने अभ्यासाचे पुस्तक म्हणून वाचावे.

पावसाचेही तसेच. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी इथे रडार बसले, चिकलठाण्याहून विमाने उडाली. अमुक तालुक्यात विमान फिरले आणि इतके मिलिमीटर पाऊस झाला, अशा बातम्या त्या दिवसांत आल्या. पण ढगात क्षारांची फवारणी झाली नसती तर तोच ढग बरसला असता की नाही? याचे उत्तर एका ढगाकडे पाहून देता येत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर परिसरात रीतसर प्रयोग केला. सारखे दिसणारे ढग निवडायचे, त्यांतल्या कोणत्या ढगांवर फवारणी करायची हे यदृच्छेने ठरवायचे आणि उरलेले तुलनेसाठी तसेच सोडायचे, अशी त्याची रीत. त्यातून तुलनेने सुमारे १८ टक्के वाढ दिसली, तीही योग्य ढग उपलब्ध असतानाच. दुष्काळात मुळात ढगच नसतील, तर या १८ टक्क्यांचा उपयोग काय, हा पुढचा प्रश्न. शेतकऱ्याला खोटी आशा दाखवू नये आणि संशोधनाची खिल्लीही उडवू नये, यांमधली वाट अरुंद आहे. ती चालण्यासाठी लागते ती तुलना-गटाची समज, आणि ती पत्रकारितेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात मिळायला हवी.

लोणारचे सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले. तर्कवितर्क भराभर पसरले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने हा रंग आल्याचे दाखवले. तर्क आणि तपासणीचा निकाल यांमधल्या दिवसांत वाचकाला काय सांगायचे, यावर या व्यवसायातली माणसे घडतात. 'अजून कळलेले नाही, तपासणी चालू आहे, ती अशी होते', हेही पूर्ण वाक्य आहे आणि छापण्याजोगे आहे.

भूकंपाच्या बाबतीत तर ही जबाबदारी जिवाशी जोडलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित आहे, हा समज त्या पहाटे मोडला. माणसे मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्याची छपरे अंगावर कोसळून. म्हणजे बातमी जशी जमिनीखाली होती, तशी घराच्या बांधणीतही होती. लातूरला राहून लिहिणारे अतुल देऊळगावकर हे मराठवाड्यातल्या विज्ञान आणि पर्यावरण पत्रकारितेचे माझ्या दृष्टीने सर्वांत ठळक उदाहरण. लॉरी बेकर या वास्तुशिल्पीवर, एम. एस. स्वामीनाथन यांच्यावर त्यांनी ग्रंथ लिहिले. 'विश्वाचे आर्त'सारख्या पुस्तकात हवामानबदलाचा जागतिक वाद मराठीत आणला. घर, शेत आणि पाणी यांच्यावर लिहिता लिहिता जगाचे विज्ञान कवेत घेता येते आणि त्यासाठी महानगरात जावे लागत नाही, हे त्यांच्या कारकिर्दीवरून दिसते.

आता व्यवहाराचे. या वाटेवर 'विज्ञान प्रतिनिधी' नावाची नोकरी सहसा तयार नसते, ती आपल्या कामाने निर्माण करावी लागते. सुरुवात बहुधा शहर वार्ताहर म्हणूनच होईल. घाटी रुग्णालय, कृषी कार्यालय, पाटबंधारे खाते आणि विद्यापीठ यांच्या बातम्या करतानाच विज्ञान हाती लागेल. विद्यापीठाचे प्रसिद्धिपत्रक मिळाले तर मूळ शोधनिबंध मागून घ्या. त्यातला पद्धतीचा भाग आधी वाचा, निष्कर्ष नंतर. 'धोका दुप्पट' असे दिसले की आधी किती होता ते विचारा. एक लाखात एकाचे दोन होणे आणि शंभरात विसाचे चाळीस होणे, दोन्ही दुप्पटच. आकाशात काही घडले की शहरातली वृत्तपत्रे एमजीएमच्या अंतराळ व विज्ञान केंद्रातल्या श्रीनिवास औंधकर यांच्याकडे वळतात आणि ते आस्थेने समजावून सांगतात, हे या शहराचे भाग्य. पण प्रत्येक विषयाला असे दोन-तीन जाणकार जोडून ठेवणे, त्यांच्यातला मतभेद वाचकापुढे नेमका मांडणे, ही पत्रकाराची स्वतःची कमाई असते. भाषेचा धसका घेऊ नका. प्रोटॉनला प्रोटॉनच म्हणा आणि वाक्य मात्र घरी बोलतो तसे मराठी ठेवा.

पुढच्या काही वर्षांत या प्रदेशाला अशा लेखकांची मोठी गरज पडणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लिगो-इंडिया' वेधशाळा उभी राहायची आहे. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या, एकमेकींशी काटकोन करणाऱ्या तिच्या दोन भुजा असतील. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी हालचाल टिपणारे हे यंत्र असेल. आणि त्याच जिल्ह्यात २१ मार्च २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचा भूकंप नोंदला गेला. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात जमिनीखालून आवाज येत असल्याच्या तक्रारी तर कितीतरी वर्षांच्या आहेत. या हादऱ्यांचा वेधशाळेवर काय परिणाम होईल, यंत्राला त्यांच्यापासून वेगळे कसे राखतात, जागा निवडताना काय पाहिले गेले, आणि आसपासच्या गावांना या प्रकल्पातून काय मिळणार? ही उत्तरे औंढ्याच्या शेतकऱ्याला आणि कळमनुरीच्या शाळकरी मुलीला मराठीत, जागेवर जाऊन, शास्त्रज्ञांना भेटून कोणीतरी दिली पाहिजेत. मराठवाड्यातल्या पत्रकारितेच्या आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हे काम आपले मानावे, आणि वेधशाळेतून पहिली नोंद येण्याची वाट न पाहता आजपासूनच त्याच्या तयारीला लागावे.